शहाद्याच्या थिएटरात आधी शेवट

धडगावला मैत्रिणीकडे निघाले होते. शहाद्यात एसटीतून उतरले तेव्हा कळलं, घाट चढणारी शेवटची जीप पाचला. हातात अख्खी दुपार आणि डोक्यावर मे महिन्याचं ऊन. पंखे दिसतील तिथं शिरायचं ठरवलं आणि भर बाजारपेठेतलं जुनं थिएटर सापडलं.

बाल्कनीला नक्षीचा लाकडी कठडा, खाली करकरणाऱ्या खुर्च्या. एरवी इथं सिनेमा लागतो. नाटक असलं की पडदा गुंडाळून वर बांधतात. आज अहिराणी नाटक होतं. तिकीट देताना मॅनेजर शांतीलालभाऊंनी बजावलं, "ताई, धडगावनी जीप धरनी शे ना? मंग शेवट चुकी जाई." (जीप धरायची आहे ना? मग शेवट चुकेल.)

बाजाराच्या दिवशी निम्मं थिएटर डोंगरातल्या माणसांनी भरतं. जीपची वेळ झाली की दारातून "धडगाववाला, चाला!" अशी हाक येते आणि ती सगळी सिनेमा अर्धवट टाकून पळतात. शेवट त्यांच्या वाट्याला येतच नाही. ऐकूनच माझी चिडचिड झाली. मी शेवट चुकवणारी बाई नव्हे.

शेजारी रमीबाई बसल्या होत्या. धडगावकडच्या पावरा आदिवासी बाई, बाजारात आमचूर विकून आलेल्या, रिकामं पोतं घडी करून मांडीवर. मी मिरचीची भजी पुढं केली. त्यांनी एकच उचललं.

"मन्ही पोर शे नाटकमा," त्या म्हणाल्या. "पोलीस शे."

"अरे वा! येते कधी?"

"शेवटला."

त्या हसून म्हणाल्या. म्हणजे पाचच्या जीपनंतर. मुलगी इथंच कॉलेजात शिकते, पण होस्टेलवर रात्री पाहुण्यांना ठेवत नाहीत. घरी दुभती म्हैस वाट बघणार.

मी तडक शांतीलालभाऊंना गाठलं. त्यांनी डोकं खाजवलं, आत जाऊन नाटकवाल्यांशी बोलून घेतलं आणि रंगमंचावर येऊन प्रेक्षकांनाच विचारलं, "मंडळी, एक मायले पोर देखनी शे. पोर शेवटला येस. काय करूत?" (एका आईला पोर बघायची आहे, पण पोर शेवटी येते.)

मागून तापीकाठचे एक टोपीवाले आजोबा ओरडले, "मंग शेवट पह्यले करा! आमले कथा जावानं शे?" (आम्हाला कुठं जायचंय?)

आणि खरंच, नाटक शेवटापासून सुरू झालं. खाकी वर्दीतली मुलगी आली आणि तिनं धान्याच्या कोठीत लपलेल्या नवरदेवाला कान धरून बाहेर काढलं. रमीबाई टाळ्या वाजवायच्या विसरल्या, नुसत्या उभ्या राहिल्या. आई दिसताच मुलगी पुढचं वाक्य विसरली, मग तिनं तो कान आणखी जोरात ओढला. नवरदेव खराखुरा कळवळला.

मग नाटक पहिल्यापासून सुरू झालं. नवरदेव अजून मांडवातच होता, तेवढ्यात हाक आली.

जीपमध्ये घाटभर एकच वाद, नवरदेव कोठीत शिरला कशाला? कुणी म्हणे त्याची पहिली बायको आली असेल, कुणी म्हणे दागिने चोरले असतील.  शेवटी रमीबाई ठामपणे म्हणाल्या, "मन्ही पोर यी ऱ्हायनी हाई त्याले कळनं. म्हनीसन लपना." (माझी पोर येतेय हे त्याला कळलं, म्हणून लपला.)

वाद मिटला.

परतताना शहाद्यात शांतीलालभाऊ भेटले. चहा मागवून मोठ्या हौसेनं म्हणाले, "ताई, तुमनं नाटक अर्धवट राह्यनं. तो नवरदेव कोठीमा का शिरना, सांगू?"

"राहू द्या भाऊ," मी म्हटलं. "मला माहीत आहे."