खिशातली मंजिरी

इथे परदेशात, फ्लॅट बुश या उपनगरातल्या माझ्या घरात खिडकीतल्या तुळशीची सुकलेली मंजिरी खुडली की वास बोटांना चिकटून राहतो, आणि मला बंदरावरची ती पांढरी खोली आठवते.

समुद्रात खूप दूर, ज्वालामुखीतून वर आलेल्या केरमाडेक बेटांवर मी तण उपटायला स्वयंसेवक म्हणून निघालो होतो. बोटीत चढण्याआधी बंदरावरच्या त्या पांढऱ्या खोलीत आरोहा नावाच्या तपासनीस बाई प्रत्येकाच्या सामानात बिया शोधत होत्या. माझ्या जॅकेटच्या खिशातून त्यांनी चिमट्याने मंजिरी काढली. पुणं सोडताना आईने ठेवलेली, मी विसरून गेलेली.

"चिमूटभर तर आहे," मी कुरकुरलो.

"बेटाला एक बी पुरते," त्या म्हणाल्या, आणि मंजिरी पाकिटात घालून वर माझं नाव लिहिलं. "परत आल्यावर घेऊन जा."

मला अपमान वाटला होता. बेटावर गंधकाच्या वासात पहिली काटेरी वेल उपटेपर्यंत तो टिकला. तिचं नाव म्हैसूर थॉर्न. आपल्याच देशातली, कुणीतरी हौसेने कुंपणाला लावलेली, आता सगळ्या जंगलावर चढलेली.

आता मंजिरी खुडून झाली की मी बोटं कुंडीतच झटकतो, खिडकीबाहेर नाही.