खणात ठेवलेला सौरघट

सेंद्रिय सौरघटात, म्हणजे कार्बनी पदार्थांच्या सोलर सेलमध्ये, इलेक्ट्रॉन बाहेर वाहून नेणारा एक पातळ थर असतो. त्यासाठी नवा पदार्थ बनवायला मला वर्ष लागलं. तो वापरून केलेला घट दोन आठवड्यांनंतरही पहिल्या दिवसाइतकीच वीज देत होता, म्हणून प्रबंधात मी ‘टिकाऊ’ असं लिहून टाकलं.

लॅबमधल्या सीनियर ताईने ते वाचून विचारलं, “वीज मोजून झाल्यावर घट कुठे ठेवायचास रे?”

“खणात. फॉइलमध्ये गुंडाळून.”

“सोलर सेल अंधारात? अंधारात बटाटेपण टिकतात ना.”

घाटकोपरच्या आमच्या घरात चांगली वस्तू वापरत नाहीत, जपतात. आईचा काचेच्या कपांचा सेट अजून खोक्यातच आहे. पण कॉलेजात शिकणारा घरातला पहिलाच मी; घरची ही सवय तिला सांगायची लाज वाटली.

त्याच दुपारी घट दिव्याखाली ठेवला. चार दिवसांत वीज अर्ध्यावर आली. माझा पदार्थ उजेडानेच खराब होत होता.

“आता कळलं ना, काय सुधारायचं ते,” ताई म्हणाली.

ते कळलं होतं. कसं सुधारायचं, ते मात्र कळत नव्हतं, आणि प्रबंधातला तो एक शब्द खोडताना मला माझाच राग येत होता.