विमानातली पंगत

मी चिकट माणूस आहे. हा कुणी केलेला आरोप नाही, आमच्या घरात मान्य झालेली गोष्ट आहे. बायको तर पाहुण्यांसमोरही सांगते, यांची चमडी जाईल पण दमडी जाणार नाही. मी वाईट वाटून घेत नाही. विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळतो. तिथे मूठभर नटबोल्ट वाया गेले तरी मला जेवण गोड लागत नाही, मग घरचा पैसा जाताना काय होत असेल ते समजून घ्या.

तरी दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्ही चौघं विमानाने बंगळूरला गेलो. मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आई. माझी बहीण तिथे राहते. एरवी आम्ही रेल्वेनेच जायचो, पण आईचे गुडघे आता डब्याच्या पायऱ्या चढायला तयार नव्हते.

आईला विमानाचं वेड जुनंच. आमचं घर वर्धा रोडच्या बाजूचं, गच्चीवरून विमानं अगदी कमी उंचीवरून जाताना दिसतात. मुगवड्या घालता घालता आई हात थांबवून वर बघायची. शेजारच्या काकू एकदा दिल्लीला विमानाने जाऊन आल्या होत्या. त्यांनी आईला ढग सांगितले, दिल्ली सांगितली, पण आईच्या मनात राहिलं ते एवढंच की बसल्या जागी कुणीतरी हसत येतं आणि पुढ्यात जेवण ठेवून जातं. त्यानंतर कितीतरी वर्षं, विमान डोक्यावरून गेलं की ती मला विचारायची, “त्यात जेवाले देतेत का गा?” मी म्हणायचो, देतात. बाकी काही तिने माझ्याकडे कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

तिकिटं मी तीन महिने आधी काढली, मंगळवारच्या दुपारची, कारण तीच सगळ्यात स्वस्त. जागा निवडायचे वेगळे पैसे होते, ते दिले नाहीत. सामानाला जास्तीचे पैसे पडू नयेत म्हणून शेजारच्या रद्दीवाल्याचा ताणकाटा आणून प्रत्येक बॅग दाराच्या कडीला टांगून मोजली. बहिणीसाठी घेतलेले मुगवड्यांचे आणि कुरडयांचे डबे आईने तीनदा आत टाकले आणि मी तीनदा बाहेर काढले. शेवटी माझे दोन शर्ट बाहेर राहिले.

जेवणही वेगळं विकत होतं. मी भाव बघितला आणि बायकोला म्हणालो, डबा घेऊ. तिने दशम्या केल्या, सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळल्या, आलूची सुकी भाजी आणि तिळाची चटणी बांधली. पण आईसाठी मात्र मी एक जेवण आधीच नोंदवलं. फक्त एक. ती दुसऱ्यांना सोडून स्वतःसाठी काही विकत घेऊ देणार नाही हे माहीत होतं, म्हणून तिला सांगितलं की तिकिटातच असतं, विमानात सगळ्यांनाच देतात. माझ्या मते ही युक्ती होती. सरळ भाषेत ते खोटं होतं.

त्या दिवशी आईने सकाळपासून चहाखेरीज काही घेतलं नाही. बायकोने पोहे पुढे केले तर म्हणाली, वर जेवायचंच आहे ना. नवीन लुगडं नेसून ती दहा वाजताच सोफ्यावर बसली. दुपारच्या विमानासाठी.

विमानात शिरल्यावर माझ्या काटकसरीचं पहिलं फळ हाती आलं. चौघांच्या जागा तीन ठिकाणी. आई एका रांगेत मधोमध, मी तिच्या रांगेत पण मधल्या वाटेच्या पलीकडे, बायको आणि मुलगी चार रांगा मागे, आणि डबा त्यांच्याजवळ. आईच्या शेजारच्या गृहस्थांनी माझं तोंड बघितलं आणि न मागता उठून माझ्या जागेवर जाऊन बसले. मी त्यांचे आभार मानले, पण पुरेसे मानले नाहीत असं आजही वाटतं. खिडकीशी कानात हेडफोन घातलेली एक तरुण मुलगी होती.

विमान वर गेलं. आईने माझा हात घट्ट धरला, मग सोडला. थोड्या वेळाने हवाईसुंदरी हातात यादी घेऊन आली, आईचं नाव विचारलं आणि तिच्यापुढचं छोटं टेबल उघडून त्यावर जेवण ठेवलं. चांदीच्या कागदाखाली वाफाळता मसालेभात, बाजूला वाटीभर गोड, चमचा. काकूंनी सांगितलं होतं तसंच. आईने चांदीच्या कागदाची कड बोटाने उचलली, वास घेतला, आणि हात मांडीवर घेऊन स्वस्थ बसली.

मी म्हणालो, जेव. ती मान हलवून हो म्हणाली आणि तशीच बसून राहिली. पाच मिनिटं गेली. मी पुन्हा म्हणालो. तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, “बाकीच्याइले कधी वाढतीन?”

आणि मग माझ्या ध्यानात आलं. आईचं माहेर कुहीकडचं. तिकडच्या पंगतीत शेवटच्या पत्रावळीवर भात पडल्याशिवाय कुणी घासाला हात लावत नाही. पोरं भुकेने रडली तरी नाही. मीच सांगितलं होतं सगळ्यांना देतात, म्हणून ती सगळ्यांना वाढून होण्याची वाट बघत होती. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो असा बसला. भात निवत होता, प्रवास जेमतेम दीड तासाचा, आणि आई सकाळपासून उपाशी.

मी काही बोलायच्या आत तिने शेजारच्या मुलीच्या दंडाला हात लावला. तिला वाटलं, वाढता वाढता पोरगी सुटली. मुलीने हेडफोन काढले. “तुले काहून नाही देलं वं?” आईने विचारलं. मुलगी हसून म्हणाली की तिने मागवलंच नाही, इथे विकत घ्यावं लागतं आणि महाग असतं, ती खोलीवर जाऊन काहीतरी खाईल.

आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. तिने चांदीचा कागद पुन्हा नीट दाबून बसवला आणि ते जेवण माझ्याकडे सरकवलं.

“हे पोरीले देजो,” ती म्हणाली. पोरगी म्हणजे मागे बसलेली तिची नात.

मला संताप आला. तिचा नाही, स्वतःचा, आणि थोडा तिचाही. लहानपणापासून मी हेच बघत आलो. गरम पोळी आमची, तव्यावरची शेवटची तिची. भाजी संपली तर ती म्हणायची, मला आज चटणीच खावीशी वाटते, आणि आम्ही शहाणी मुलं ते खरं मानायचो. आयुष्यात एकदा तिच्यापुढे आधी ताट यावं एवढंच मला करायचं होतं, आणि तेही मी चार जेवणांच्या जागी एक घेऊन केलं होतं. मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, “आई, एकदा तरी आमच्या आधी जेव ना.”

“जेवतो ना बाबू,” ती म्हणाली. “पण मले एकटीले घास नाही उतरत.”

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. इतकी वर्षं मी समजत होतो की ती आमच्यासाठी थांबते. तिला एकटीने जेवता येत नाही, हे मला पन्नाशीत कळलं.

मी मागे वळून बायकोला डब्याची खूण केली. ती उठणार तेवढ्यात विमान हलायला लागलं आणि पट्टे बांधा अशी सूचना आली. मग डबा हातोहात निघाला. त्यांच्या पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी घेतला, त्यांनी पुढे दिला, कुणीतरी विचारलं, सांबारवडी आहे का हो, वास तर तोच येतोय. बायको मागून म्हणाली, घ्या ना. डबा माझ्यापर्यंत पोचेतो वरचा थर हलका झाला होता, आणि मी, चिकट माणूस, त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून खूश झालो.

खिडकीजवळच्या मुलीच्या टेबलावर मी दोन दशम्या आणि भाजी ठेवली. ती नको नको म्हणाली, आईने तिचं ऐकलं नाही. जागा देणाऱ्या गृहस्थांना वड्या दिल्या. माझ्यापुढे चटणी-दशमी घेतली. मागे माझ्या मुलीने हात वर करून आजीला डब्यातून आधीच काढून घेतलेली आपली दशमी दाखवली. आईने पुढे बघितलं, मागे बघितलं, पंगतीतली थोर माणसं बघतात तसं. मग म्हणाली, “हं, होऊ द्या सावकाश.” आणि चमचा बाजूला ठेवून हाताने पहिला घास घेतला.

भात पार निवला होता. तिखट काहीच नाही म्हणून तिने तिळाची चटणी मागून घेतली. खिडकीजवळच्या मुलीने डोळे पुसल्यासारखं केलं; चटणी लागली असेल, किंवा घर आठवलं असेल. मी विचारलं नाही.

पुढे मी पुष्कळदा हिशेब करून बघितला. जागांचे पैसे भरले असते तर तो डबा चार रांगांतून आला नसता. माझं खोटं मात्र कशातही बसत नाही. ते आईने माफ केलं, कसं ते तिलाच माहीत. त्या गृहस्थांचा, त्या मुलीचा, डबा पुढे देणाऱ्या त्या सगळ्या हातांचा मी ऋणी आहे. त्यांना हे ठाऊकही नसेल.

त्या दिवशी जेवता जेवता आई वाढायला उठू बघत होती. सवय. पण कमरेला पट्टा होता, आणि तो सोडवायचा कसा हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. भात संपला, गोडही संपलं. तेव्हा डब्यातली दशमी हातात घेऊन मी तिला विचारलं, आणखी वाढू का? हा प्रश्न मी जन्मभर तिच्या तोंडून ऐकला होता, तिला कधी केला नव्हता. मला वाटलं, ती पुरे म्हणेल, पोरीले दे म्हणेल.

तिने रिकामं भांडं माझ्यापुढे धरलं.

“वाढ,” ती म्हणाली.