आत उघडणारं दार

आमच्या इमारतीतले सुतार मिस्त्री म्हणजे भलतेच कटकटे. कोणाकडे चहाला गेले तरी आधी खिडकी हलवून बघणार, मग कपाला हात लावणार. "एवढ्या उंचावर बसवलीय! आजारी माणसाला पडल्यापडल्या आभाळ तरी दिसतं का?" असं यजमानालाच दरडावणार. पाठीमागे सगळे त्यांना 'मापवाले' म्हणायचे. मीही म्हणायचो.

या इमारतीतल्या चोवीस घरांची दारं त्यांनीच बसवली होती. बाथरूमची दारं बाहेर उघडावीत, असं त्यांनी ठेकेदाराला सुचवलं होतं. "घरातला बोळ अरुंद आहे, दार आडवं येईल. आतच उघडू दे," ठेकेदार म्हणाला. काम हातचं जाऊ नये म्हणून मिस्त्रींनी मुकाट्याने ऐकून घेतलं. जन्मभर साऱ्या जगाशी भांडलेला माणूस नेमका तिथे गप्प बसला. पुढे त्यांनी घरही इथेच घेतलं, माझ्या समोरचं.

एका सकाळी वहिनी, म्हणजे त्यांची बायको, बाथरूममध्ये घसरून पडल्या. मिस्त्रींची हाक ऐकून मी धावलो. कडी लावलेली नव्हती. दाराला लागून वहिनीच आडव्या पडल्या होत्या. जरा ढकललं की कळवळायच्या, "अहो, नका ना ढकलू. मान दुखतेय." बिजागऱ्या खोलाव्यात तर त्या आतल्या बाजूला. उभा जन्म दारं बसवण्यात गेला आणि या माणसाला स्वतःच्या घरचं दार काढता येईना. शेवटी करवत घेऊन त्यांनी दाराचा वरचा भाग कापायला घेतला. "आलोच हं, झालंच," असं सारखं म्हणत होते. आधी आतून हुंकार येत होता, मग येईनासा झाला. मी वरून आत उतरलो तेव्हा नळ चालूच होता.

चार महिने मिस्त्री कोणाशी बोलले नाहीत. मग हत्यारांची पिशवी घेऊन घरोघर जायला लागले. बाथरूमचं दार बाहेर उघडेल असं फिरवून देतो म्हणायचे, फुकट. काहींनी करून घेतलं, काहींनी 'बघू' म्हणून बोळवण केली. सांगायला लाज वाटते, सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या मीसुद्धा दोनदा टाळलं. आमच्या बोळात चपलांचं कपाट होतं, ते हलवायचा कंटाळा.

"आम्ही अजून धडधाकट आहोत हो," तिसऱ्यांदा मी म्हणालो.

"तीपण होती, मास्तर."

कपाट त्याच दिवशी हलवलं. संध्याकाळपर्यंत दार फिरवून झालं. मग मिस्त्री म्हणाले, "आत जा. दार लावून त्याला लागून आडवे व्हा."

मला कसंतरीच वाटलं, पण फरशीवर पडलो. दार अलगद बाहेर गेलं. मिस्त्रींनी वाकून माझ्या काखेत हात घातले, मला ओढून बोळात आणलं आणि धरूनच राहिले.

"एवढंच करायचं होतं हो," ते म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले.

मी उठलो नाही. तसाच पडून राहिलो.