म्हशीची वार आणि माझी

आमच्या हिर्डोशीत म्हैस व्याली की रेडकाचं कौतुक नंतर. आधी रेडकामागून नाळेचा गोळा, म्हणजे वार, पडायची वाट बघत सगळे गोठ्यात थांबतात. ती पडली की सासूबाई काठीने पसरून, उलटीपालटी करून बघायच्या. कुठं तुटलेली वाटली की लगेच जनावरांच्या डॉक्टरला निरोप. खात्री पटेपर्यंत त्या चहालाही शिवत नसत.

मी बाळंत झाले ती शिकल्यासवरल्या माणसांत, भोरच्या एका खाजगी दवाखान्यात. मुलगी झाली. डॉक्टरसाहेब घाईत होते. सिस्टरने त्यांच्या कानाशी मोबाईल धरला होता, आणि शेतघराच्या फरशीबद्दल बोलत बोलत त्यांनी नाळ ओढून वार काढली. फरशीचा रंग मात्र त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

ते बाहेर येताच सासूबाईंनी विचारलं, "डाक्टर, वार समदी पडली का? उलटून बगितली का?"

"आजी, ही सून आहे, म्हैस नाही."

सिस्टर हसल्या. आतून ऐकून मीही हसले, आणि त्याचा मला आजही राग येतो.

नवव्या दिवशी ताप चढला, अंगावरून वास मारणारं रक्त जायला लागलं. फोन केला तर साहेबांनी न बघताच सांगितलं, बाळंतिणीला एवढं चालायचंच, गूळ-शेंगदाणे खा. दोन दिवस मी शहाण्यासारखे गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि मोरीत भोवळ येऊन पडले. पुण्याला नेलं. सोनोग्राफीत वारेचा तुकडा पिशवीत तसाच दिसला. रक्त काही केल्या थांबेना, शेवटी पिशवीच काढावी लागली. मला अजून एक मूल हवं होतं.

उठून हिंडायला लागल्यावर सासूबाईंना घेऊन मी साहेबांकडे गेले. त्यांनी माझा केसपेपर पुढे सरकवला. 'वार पूर्ण पडली' ही ओळ त्यावर छापलेलीच होती, खाली त्यांची सही. टेबलावरच्या कोऱ्या केसपेपरांवरही तीच ओळ होती.

"लिहिलंय की," साहेब म्हणाले.

सासूबाईंना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं.

"लिव्हलंय व्हय," त्या म्हणाल्या. "पर बगितली कुनी?"

साहेबांनी बेल दाबली. दिवस भरत आलेली एक पोर कमरेवर हात ठेवून आत आली. ती खुर्चीत टेकायच्या आत सासूबाईंनी तिचा हात धरला आणि तिला बाहेर घेऊन गेल्या.