चाकांवरची न्हाणी

फुलपाड्यातली क्षितिजा गच्च्या आणि न्हाणीघरं गळू नयेत म्हणून त्यांना फायबरचा लेप देण्याचं काम करायची. हात चांगला होता. फक्त बंद जागेची तिला भारी भीती. घरीसुद्धा ती न्हाणीची कडी लावत नसे. नवरा सिद्धेश त्यावरून चिडवायचा. ती हसायची, पण कडी लावायची नाही.

उमेळ्याच्या नरहरीनं गाडीमागे ओढायचा जुना ट्रेलर घेतला तो आईसाठी. वाटेत धड संडास मिळत नाही म्हणून आनंदीबाईंनी प्रवास कधीच सोडून दिला होता. माहेरच्या लग्नांनाही त्या जात नसत. ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यात कमोड आणि वर शॉवर, एवढंच बसवायचं होतं. जागा कपाटाएवढी. ती बघताच क्षितिजा दोन पावलं मागे सरली. ती नाही म्हणणार, तेवढ्यात आनंदीबाईंनी विचारलं, "होईल ना गं?"

"होईल," ती बोलून बसली.

ट्रेलर वाडीत, केळींच्या कडेला उभा होता. दोन्ही चाकांना दगड आणि मागच्या कोपऱ्याखाली विटांचा टेकू. न्हाणीचं सरकतं दार सताड उघडं ठेवून, दाराबाहेर पंखा लावून क्षितिजा काम करायची. भिंती झाल्या. जमिनीवर फायबरची चटई अंथरून तिनं वर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, ओतलं. राहिला फक्त उघड्या दारानं झाकलेला कोपरा. दार बंद केल्याशिवाय तिथं ब्रश पोचत नव्हता. नरहरी पाइप आणायला माणिकपूरला गेला होता. 'एक हात मारायचा आणि उघडायचं,' असं स्वतःला बजावून तिनं दार सरकवलं.

ब्रश टेकवला आणि पायाखाली काहीतरी खचलं. केळींना सोडलेलं पाणी टेकूखाली मुरलं होतं. ट्रेलर मागच्या बाजूला कलला, चौकट वाकडी झाली आणि दार अडकलं.

तिनं ओढलं, लाथा मारल्या. दार हललं नाही. फोन बाहेरच्या ओट्यावर. खिडकी अजून कापलेलीच नव्हती. रेझिनचा उग्र वास डोक्यात चढायला लागला. मास्कमध्ये गुदमरायला झालं म्हणून तिनं तो ओरबाडून काढला, तर डोळ्यांची आग आग झाली. 'इथंच मरणार मी,' एवढंच मनात येत होतं.

मग जमिनीतलं भोक दिसलं. कमोडचा पाइप खाली सोडायला कापलेलं. ती ओल्या रेझिनमध्येच गुडघ्यांवर बसली, तोंड भोकाला लावलं आणि हवा ओढली. खाली चिखल आणि गवत दिसत होतं. श्वास आला तशी ती ओरडली, "कुणी आहे का? आजी! आजी!"

बऱ्याच वेळानं चिखलात पावलं वाजली. "कोन हाय गं खाली?" आनंदीबाई ट्रेलरखाली वाकून बघत होत्या.

"मी वर आहे! दार अडकलंय!"

आनंदीबाईंनी ट्रेलरमध्ये चढून दार ओढून पाहिलं, नरहरीला फोन लावला आणि पुन्हा खाली गेल्या.

"जाऊ नका आजी. प्लीज."

"नाय जात." त्या चिखलात आडव्या झाल्या आणि भोकातून दोन बोटं वर घातली. क्षितिजानं ती घट्ट धरली. दुसऱ्या हातानं त्या पदराचा वारा घालत राहिल्या.

इतक्यात टेकू आणखी दबला. ट्रेलर करकरला. भोकातलं गवत जवळ आलेलं क्षितिजाला दिसलं. ट्रेलर बसला, तर खाली आनंदीबाई होत्या.

"आजी, बाहेर व्हा!"

"तुला एकटीला सोडून?"

"व्हा म्हणते ना!" तिनं त्यांची बोटं सोडली. नव्हे, ढकलून दिली. मग खाली नुसतं गवत राहिलं. ती तोंड भोकाला लावून रडत, खोकत पडून राहिली. तिला वाटलं, आपण हे काय करून बसलो.

नरहरी आला. त्यानं फळी टाकून जॅक लावला. ट्रेलर वर उचलताना असा हिंदकळला की आता उलटतोच, असं वाटून तिनं किंकाळी फोडली. मग दार खरखरलं आणि उजेड आत आला. ती रांगत बाहेर पडली. सलवार रेझिननं गुडघ्यांना चिकटली होती. दवाखान्यात ती कापून काढावी लागली.

"सोड ते काम," सिद्धेश म्हणाला. तिलाही सोडायचंच होतं. तरी गुडघे बरे झाल्यावर ती गेली. आधी नरहरीकडून खाली सिमेंटचे ठोकळे बसवून घेतले, छताला झरोका पाडून घेतला आणि दार उखडून ठेवायला लावलं. काम करताना ती दर पाच मिनिटांनी बाहेर येत होती. आनंदीबाई बाहेर खुर्ची टाकून सारखं काहीबाही बोलत होत्या. दाराऐवजी जाड पडदाच ठेवा, असं शेवटी त्यांनीच सांगितलं.

मे महिन्यात आनंदीबाई श्रीवर्धनला भाचीच्या लग्नाला जाऊन आल्या. तिथून फोन करून त्यांनी क्षितिजाला समुद्राचा आवाज ऐकवला.

परवा विरारच्या एका माणसानं तिला विचारलं, माझ्याही ट्रेलरमध्ये असंच करून द्याल का? "सांगते," ती म्हणाली. अजून तिनं त्याला फोन केलेला नाही.