पानी सांगणारी बाय

पाचूबंदरची बाय अर्ज डोळे मिटून ऐकत असे. मासळीची रिकामी टोपली पायाशी ठेवून ती तहसील कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलासमोर बसे आणि मी लिहिलेला मजकूर मला मोठ्याने वाचावयास लावी. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तथापि माझ्या मसुद्यात चूक काढण्याची उभ्या वसईत कोणाची प्राज्ञा नव्हती. बाय मात्र काढी.

तिच्या आळीची विहीर खारी झाली होती. नळ हवा होता. "पाणी मिळावे" असे मी वाचताच तिचे डोळे उघडत.

"मी पानी सांगितला, भाऊ. पानी लिव."

"बाय, सरकारदरबारी पाणीच चालते."

"मंग त्यांनाच पाज!"

अशात विधानसभेची निवडणूक आली. सभेत बाय माझ्या शेजारीच उभी होती. उमेदवार किनाऱ्याकडे हात करून गरजले, "यांना पाणी म्हणता येत नाही, आणि म्हणे नळ हवा! आधी अंगाचा वास घालवा!" मैदान हास्याने दणाणले.

परतताना मी तिला ठामपणे सांगितले, "जो भर सभेत एका जमातीला हिणवतो, त्याला जनता निवडून देत नसते."

"तो जिंकनार."

"कशावरून?"

"तू पन हसलास नं, भाऊ."

मी हसलो होतो. त्या एका 'न'वर मी तर वर्षानुवर्षे हसत आलो होतो.

ते भरघोस मतांनी निवडून आले. पुढे मंत्रीही झाले. निकालाच्या दिवशी त्यांचे पेढे खाणाऱ्यांत माझे कितीतरी पक्षकार दिसले. सरळ, देवभीरू माणसे! मी सुन्न होऊन टेबल आवरले.

दुसऱ्या दिवशी बाय हजर. "आता त्यालाच लिव."

'माननीय' लिहिताना माझा हात अडला.

"लिव, लिव. लोकांनी केलाय त्याला माननीय. पन पानी माझा लिव."

आयुष्यात प्रथमच मी 'पानी' लिहिले. वाचून दाखवले, तेव्हा बायने डोळे उघडले नाहीत. नुसती मान हलवली.

अर्ज परत आला तो त्या शब्दाभोवती लाल वर्तुळ घेऊन. तोवर बाय देवाघरी गेली होती. तिच्या सुनेने कागद माझ्यापुढे ठेवला. मी नवी प्रत काढली, आळीच्या सह्या घेतल्या आणि स्वतः कचेरीत गेलो.

कारकुनाने चष्मा वर केला. "लेखनिक, तुमच्या हातून अशी चूक?"

"चूक नव्हे," मी म्हणालो. "अर्जदाराचा शब्द आहे. शिक्का मारा."